मापसाहेबांच्या गाडीखालचा डाग

सगळं सुरू झालं ते सर्व्हिस सेंटरमधल्या एका खुर्चीवरून. काउंटरवरच्या माणसाने मापसाहेबांना त्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि मापसाहेब बसले नाहीत.

"ऑइल बदलायचंय ना? गाडी ठेवून जा, संध्याकाळी या," काउंटरवाला म्हणाला.

"मी थांबतो. तेल ओतताना मला बघायचंय."

"आत कस्टमरला सोडत नाही, सर."

"मग तुम्ही किती ओतलं हे मला कसं कळणार?"

"बिलात असतं की."

दुसरा कुणी असता तर हे उत्तर गिळून गुपचूप पंख्याखाली बसला असता. पण मापसाहेब पडले वजनमापं खात्यातले निरीक्षक. दुकानदारांची वजनं उलटी करून त्यांच्या बुडाशी काय खरवडलंय ते बघणं आणि पेट्रोल पंपावर सरकारी माप हातात धरून पंपवाल्याला घाम फोडणं, यात त्यांची हयात गेली होती. त्यांचं खरं नाव घरच्यांनाही जरा आठवावं लागे. इमारतीत, ऑफिसात, इतकंच काय सासुरवाडीलाही ते मापसाहेबच होते. त्यांना कुणी 'बिलात असतं की' म्हणावं?

"तुमच्या मापावर शिक्का आहे का?" त्यांनी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

काउंटरवाल्याने आत हाक मारली. आतला माणूस कुठलातरी रबरी शिक्का आणि जांभळ्या शाईचा पॅड घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "कुठे मारायचाय?"

मापसाहेबांनी गाडीची किल्ली काउंटरवरून उचलली. "माझ्या गाडीचं तेल मी स्वतः बदलीन," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या बाणेदारपणे उच्चारलं की ते बोलून गेल्यावर माघार घ्यायला जागाच उरली नाही. खरं सांगायचं तर तोपर्यंत त्यांनी आयुष्यात गाडीचं एक चाकही बदललं नव्हतं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी घरच्यांना विषय समजावून सांगितला. घरचे म्हणजे पत्नी, आई आणि सुट्टीच्या दिवशी न चुकता जेवायला येणारा मेहुणा. "आपली गाडी साधी नाही. टर्बोची आहे. टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. फिरतो भयंकर, तापतो भयंकर. त्याला जिवंत कोण ठेवतं? तेल! तेल कमी पडलं की टर्बो खलास. आणि टर्बो खलास म्हणजे गाडी खलास. लक्षात ठेवा."

सगळ्यांनी लक्षात ठेवलं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

तेल बदलण्याचा कार्यक्रम इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पार पडला. तेल धरण्यासाठी मापसाहेबांनी बाजारातली सगळी टोपं न्याहाळून एक प्लास्टिकचा टब निवडला होता. गाडीत जेवढं तेल मावतं, बरोबर तेवढंच त्या टबात मावत होतं. एक पेला इकडे नाही की तिकडे नाही. ते गाडीखाली पाठीवर सरकले, पाना लावला, जोर केला, आणि खालचा बोल्ट निघाला तेव्हा पहिली गरम धार थेट त्यांच्या बाहीत शिरून कोपरापर्यंत गेली. गाडीखालून जो आवाज आला तो ऐकून वॉचमन गेटवरून धावत आला. "काही नाही, काही नाही," मापसाहेब ओरडले, "ठरल्याप्रमाणे चाललंय!"

जुना फिल्टर काढताना तो हातातून उलटा झाला आणि त्यातलं तेल इंजिनाखालच्या पत्र्यावर सांडलं. तो पत्रा खालून दगड लागू नयेत म्हणून बसवलेला असतो. सांडलेलं तेल त्याच्यावर पसरून राहिलं, हे मापसाहेबांना दिसलं नाही. त्यांचं सगळं लक्ष वर होतं. नवं तेल ओतून त्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दोन खुणा असतात; खालची म्हणजे कमी, वरची म्हणजे पुरे. तेल दोन्हींच्या बरोबर मधे होतं. ते दाखवायला त्यांनी पत्नीला मुद्दाम खाली बोलावलं. ती "छान" म्हणाली आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीकडे बघत राहिली.

आता राहिलं जुनं तेल. ते त्यांनी एका डब्यात भरलं आणि कायदा पाळणाऱ्या नागरिकासारखे ते जमा करायला निघाले. ज्या दुकानातून नवं घेतलं त्याने सांगितलं, आम्ही फक्त विकतो. नगरपालिकेच्या कचरा विभागात सांगितलं, हा कचरा नाही, हा घातक पदार्थ आहे. घातक पदार्थांची खिडकी पलीकडे. पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कारखान्याचा परवाना आणलाय का?" मापसाहेब म्हणाले, मला कारखाना नाही. "मग घातक पदार्थ कुठून आला?" बाईंनी असा काही संशय घेतला की मापसाहेब डबा पोटाशी धरून काढता पाय घेते झाले. स्वतः सरकारी नोकर असून सरकारी खिडकीवर अशी वागणूक मिळावी, याचा त्यांना इतका संताप आला की घरी आल्यावर त्यांनी तो डबा गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला, वर गोणपाट टाकलं आणि पुन्हा तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन-तीन दिवस गेले असतील. सकाळी वॉचमनने हळूच सांगितलं, "साहेब, गाडीखाली डाग दिसतोय."

हा डाग म्हणजे केवढं संकट होतं हे कळण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. पार्किंगची फरशी नुकतीच नवी केली होती, गुळगुळीत, करड्या रंगाची. आणि इमारतीच्या समितीसमोर मापसाहेबांनीच टेबलावर मूठ आपटून नियम करून घेतला होता: ज्याची गाडी फरशीवर तेल सांडेल, त्याची गाडी मागच्या मैदानात, पाण्याच्या टाकीशेजारी. दर महिन्याला समिती खाली उतरून पाहणी करणार. पहिल्याच पाहणीत दुसऱ्या मजल्यावरच्या कॅशियरकाकांची जुनी गाडी सापडली. काका बँकेतून निवृत्त झालेले, अबोल. त्यांनी काही न बोलता गाडी मागे नेली. ती तिथे झाडाखाली पक्ष्यांची विष्ठा झेलत उभी असे.

मापसाहेबांची जागा लिफ्टच्या दाराशी होती. अब्रूचा प्रश्न तर होताच. पण आईचे गुडघे गेलेले होते. लिफ्टमधून निघून गाडीत बसायचं आणि आठवड्यातून एकदा मावशीकडे जायचं, एवढंच तिचं बाहेर पडणं उरलं होतं. मागच्या मैदानात खडीतून चालत जाणं तिला जमलं नसतं. मागे गाडी म्हणजे आई घरात कोंडली जाणार, हे मापसाहेबांना स्पष्ट दिसत होतं आणि त्या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"डाग माझ्या गाडीचा नाही," त्यांनी जाहीर केलं, आणि फरशी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी डाग होता. त्यांनी खाली पुठ्ठा घातला. पुठ्ठ्यावरही डाग आला. त्यानंतर इमारतीतला प्रत्येक माणूस कामावर जाताना खाली वाकून पुठ्ठा बघून जाऊ लागला.

चौथ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी बिनाफीचा सल्ला दिला: "डाग तुमचा आहे हे समितीने सिद्ध करायचं. तुम्ही उगाच पुठ्ठा घालून पुरावा तयार करू नका." तिसऱ्या मजल्यावरचे होमिओपॅथ पुठ्ठ्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "गळती सकाळी जास्त की संध्याकाळी? गाडी उन्हात राहिली की वाढते की कमी होते? आणि मुख्य म्हणजे, गाडी चिडचिड करते का?" कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तर बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. लांबूनच मान हलवली. "टर्बो गेला," तो म्हणाला, आणि मापसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात मापसाहेबांना सगळ्यात जास्त झोंबला.

"अहो, पण कशावरून?"

"टर्बोच्या गाड्यांत तोच जातो."

मेहुणा म्हणाला, "भावोजी, मी आधीच सांगणार होतो, टर्बो घेऊ नका म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं का?"

मापसाहेबांनी ठरवलं की आता गळती शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधायची. इंजिन रॉकेलने पुसून कोरडं करायचं, सगळ्या सांध्यांवर पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं; तेल जिथून झिरपेल तिथे पावडर ओली होऊन रेघ उमटते. पद्धत चोख होती. पत्नीच्या पावडरचा नवा डबा त्यांनी इंजिनावर रिकामा केला, आणि आत वाकून नीट बघता यावं म्हणून पत्नीलाच गाडी चालू करायला सांगितलं. तिने किल्ली फिरवली. समोरचा मोठा पंखा सुरू झाला. पावडरचा ढग हटला तेव्हा मापसाहेब डोक्यापासून पोटापर्यंत पांढरेशुभ्र उभे होते आणि सगळ्या तळमजल्यावर गुलाबाचा वास दरवळत होता. लिफ्टमधून बाहेर आलेल्या समितीच्या अध्यक्षबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि "पाहणी रविवारी आहे हं," म्हणून त्या निघून गेल्या.

पुठ्ठ्यावरचा डाग मात्र रोज वाढत होता. पुढे गाडी चालू केली की मागून निळा धूर निघायला लागला आणि आत करपल्याचा वास येऊ लागला. तरी मापसाहेबांकडे एक बिनतोड मुद्दा होता. रोज संध्याकाळी ते पट्टी काढत, पुसत, पुन्हा घालून काढत आणि जमलेल्या लोकांना दाखवत. "बघा! खालच्या खुणेच्या किती वर आहे! गळत असतं तर कमी झालं नसतं? उलट कालच्यापेक्षा वरच दिसतंय. मग हे तेल माझं कसं?" वकीलबाईंना हा मुद्दा फार आवडला.

वरच्या खुणेकडे मापसाहेबांनी पाहिलंच नाही. आयुष्यभर त्यांनी फक्त कमी शोधलं होतं. कमी भरलेलं पोतं, कमी दिलेलं दूध, कमी पडलेलं पेट्रोल. कुणी कुणाला जास्त देतो, असा एकही खटला त्यांच्या खात्यात आजवर दाखल झाला नव्हता. त्यामुळे पट्टी वरच्या खुणेच्या कितीतरी वर भिजलेली असूनही त्यांना त्यात फक्त स्वतःची निर्दोष मुक्तता दिसत होती.

रविवारी समिती खाली उतरली. अध्यक्षबाई, वकीलबाई, होमिओपॅथ, आणि बाजूला खांबाला टेकून कॅशियरकाका. मापसाहेबांनी गाडी आधीच फळ्यांवर चढवून ठेवली होती. बोल्टाखालचा वायसर ऐन वेळी बदलायचा आणि सगळ्यांच्या देखत मोजून दाखवायचं की तेल जेवढं घातलं तेवढंच आहे, थेंबही गळालेला नाही, असा त्यांचा बेत होता. बरोबर तोच टब खाली ठेवलेला होता. आईसाठी खुर्ची आणली होती.

"हा टब काठोकाठ भरेल," गाडीखालून मापसाहेबांचा आवाज आला, "आणि तिथेच थांबेल. मोजून घ्या!"

बोल्ट निघाला, बोटांतून निसटला आणि टबाच्या तळाशी गेला. तेल काळंकुट्ट होतं. नुकतंच बदललेलं तेल इतकं काळं कसं, असा विचार मापसाहेबांच्या मनात येतो न येतो तोच टब अर्धा झाला, मग भरला, मग काठोकाठ आला. आणि धार थांबेना.

"बोल्ट! बोल्ट टबात आहे!" मापसाहेब गरम तेलात कोपरापर्यंत हात घालून चाचपडू लागले. "भांडं आणा! कुठलंही आणा!"

पत्नीने पाण्याची बादली रिकामी करून दिली. तीही भरत आली. मेहुण्याने गाडी धुवायचं घमेलं सरकवलं. वॉचमनने आपला जेवणाचा डबा पुढे केला, मग काहीतरी विचार करून मागे घेतला. टब कलंडला आणि नव्या करड्या फरशीवरून तेल सावकाश पसरत लिफ्टच्या दाराकडे निघालं. अध्यक्षबाईंनी साडी वर धरून दोन पावलं मागे घेतली. समिती सगळी मागे सरकली. मग कुठे धार बारीक झाली आणि मापसाहेब गाडीखालून बाहेर आले.

"एवढं तेल आलं कुठून?" ते गरजले. "मी एवढं घातलेलंच नाही!"

पत्नी म्हणाली, "मी घातलं थोडं."

"तू?"

"रोज एक कप. गॅलरीतल्या डब्यातलं. तुमचा तो डबा कुठलं ऑफिस घेईना आणि गाडीतलं तेल तर गळतंय. तुम्ही नीट जेवत नव्हता. म्हटलं, दोन्ही कामं होतील."

"जुनं तेल? जे मी काढलं, ते तू परत घातलंस?"

"तेल ते तेलच ना," ती म्हणाली.

मेहुणा खाकरला. "भावोजी, मीसुद्धा एक कॅन ओतला. चांगल्या प्रतीचा आहे, काळजी करू नका."

"तू कशाला?"

"तुम्ही म्हणालात कमी पडलं की टर्बो खलास. ताई रडवेली झाली होती."

तेवढ्यात खुर्चीवरून आई म्हणाली, "माझं जास्त नव्हतं रे. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली होती कपाटात, तीच. मशीनच आहे ना ते पण?"

"आई! तुला बॉनेट कुणी उघडून दिलं?"

सगळ्यांनी वॉचमनकडे पाहिलं. "सगळेच येऊन ओतत होते, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

आता खांबापाशी हालचाल झाली. कॅशियरकाका एक पाऊल पुढे आले, घसरता घसरता सावरले. "तुम्ही एक दिवस बॉनेट उघडं टाकून चहाला गेलात. पट्टी मी पाहिली नाही. माझ्या गाडीचं जाड तेल होतं माझ्याकडे, ते ओतलं," ते म्हणाले. "मागे गाडी लावायची म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, साहेब. वाटलं, तुमच्यावर येऊ नये."

मापसाहेब उसळले. "पण मला विचारायचं नाही कुणी? माझी गाडी! माझं तेल! इथे मी पुठ्ठे घालतोय, पावडरी उडवतोय, गावभर माझी शोभा होतेय, आणि तुम्ही सगळे पाळीपाळीने येऊन ओतून जाताय! इंजिनाच्या नाकातोंडात तेल गेलं म्हणून ते वाट मिळेल तिथून बाहेर पडत होतं! धूर काय, वास काय! मी दुकानदारांना थेंबभर कमी दिलं म्हणून कोर्टात खेचलंय, आणि माझ्या घरात हे! काय करू मी तुमचं? कुठल्या कलमाखाली घालू तुम्हाला?"

"पण कमी तर नाही ना पडलं?" आईने काळजीने विचारलं.

मापसाहेबांनी फरशीवरच्या तळ्याकडे पाहिलं. "नाही, आई," ते शेवटी म्हणाले. "कमी नाही पडलं."

अध्यक्षबाईंना हसू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मापसाहेब, ही काही खरी गळती नव्हे. या वेळी राहू द्या. फरशी तेवढी साफ करून घ्या."

इथे मापसाहेबांचं टाळकं सटकलं. दया? त्यांच्यावर? "राहू द्या म्हणजे काय? डाग आहे की नाही? मग! कॅशियरकाकांना एका डागासाठी मागे पाठवलं, मला हौदासाठी सूट? नियम म्हणजे नियम. गाडी मागे जाणार!" एवढं बोलून त्यांची नजर आईकडे गेली आणि आवाज खाली आला. "फक्त आईचं काय करायचं ते मला सुचत नाही. तिला खडीतून चालवणार नाही."

"मला कशाला चालायला हवं?" आई म्हणाली. "लिफ्टपाशी गाडी आणून मला बसव, येताना लिफ्टपाशी उतरव, आणि मग जा की मागे लावायला."

एवढ्या दिवसांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"हे आधी का नाही बोललीस?"

"कुणाशी बोलू? तू सारखा गाडीखाली."

तेल पुसायला सगळी इमारत लागली. मापसाहेबांनी पुन्हा नवं तेल आणून भरलं, या वेळी दोन्ही खुणा बघत, आणि बॉनेटभोवती कुणी फिरकलं तरी खेकसत. धूर काही दिवस निघाला आणि बंद झाला. पुठ्ठा कोरडा राहू लागला. टर्बो गेलेला नव्हता, हे त्यांनी मुद्दाम गॅरेजवाल्याच्या दारात गाडी तीनदा नेऊन, ॲक्सिलरेटर दाबून त्याला ऐकवलं.

गाडी मात्र मागेच राहिली. पहिल्या दिवशी ते तिथे गेले तर कॅशियरकाकांनी आपली गाडी सरकवून झाडाबाहेरची, पक्षी बसत नाहीत ती जागा मोकळी करून ठेवली होती आणि त्यांची स्वतःची गाडी पार फांदीखाली गेली होती. मापसाहेबांना याचाही राग आला. विचारायचं नाही, सांगायचं नाही, परस्पर माणसावर उपकार करून मोकळं व्हायचं! ही काय पद्धत झाली?

पुढच्या एका सकाळी ऑफिसला निघताना ते थबकले. काका जुन्या गाडीचं बॉनेट वर करून पाणी आणायला गेले होते. मापसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, पट्टी काढली, रुमालाला पुसली, पुन्हा घालून काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. सरळ सरळ कमी! हे त्यांच्या डोळ्यांदेखत चालू देणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपल्या डिकीतला डबा आणला आणि ओतायला सुरुवात केली, थोडं ओतून पट्टी बघायची, पुन्हा थोडं ओतायचं. बरोबर वरच्या खुणेशी हात थांबवला, बूच घट्ट लावलं आणि मागे वळले तर टाकीपाशी वॉचमन उभा.

मापसाहेबांनी डबा पाठीमागे लपवला. "काय बघतोस?" ते खेकसले.

"काही नाही, साहेब," वॉचमन म्हणाला. "मला वाटलं, काकांनीच सांगितलंय."